लोकराजनय, अमेरिकन

परदेशांतील सरकारांना वगळून तेथील जनमताला थेट आपलेसे करण्याचे अमेरिकी शासनाचे संघटित प्रयत्न. नभोवाणी, ग्रंथालये, शिष्यवृत्त्या, कलावंतांचे दौरे ही त्याची परिचित साधने.

आरंभाविषयी मतभेद आहेत. काही जण तो बेंजामिन फ्रँक्लिन यांच्या पॅरिसमधील वास्तव्यापर्यंत मागे नेतात. ती ओढाताणच होय. पुष्कळ अभ्यासक पहिल्या महायुद्धातील सरकारी प्रचारासाठी १९१७ मध्ये नेमलेल्या जॉर्ज क्रील समितीपासून सुरुवात करतात. मात्र त्या समितीचा बराचसा भर स्वदेशी जनतेवर होता आणि युद्धानंतर १९१९ मध्ये ती गुंडाळली गेली. लॅटिन अमेरिकेतील जर्मन प्रचाराला तोंड देण्यासाठी परराष्ट्र खात्यात १९३८ मध्ये सांस्कृतिक संबंध विभाग निघाला. त्यानंतर हे काम अखंड चालू राहिल्याने हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ ही सरकारी नभोवाणी फेब्रुवारी १९४२ मध्ये जर्मन भाषेतून सुरू झाली.

१९४८ च्या स्मिथ-मुंट कायद्याने या कामाला शांतताकाळातही आधार दिला. परदेशासाठीचा मजकूर अमेरिकेत प्रसारित करण्यास त्याने कडक बंदी केली, असे सर्रास लिहिले जाते. पण मूळ कायद्यानुसार वृत्तपत्रांना व अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) सदस्यांना तो मजकूर मागवता येई. बंदी खरी आवळली ती १९७२ व १९८५ च्या दुरुस्त्यांनी. २०१२ च्या दुरुस्तीने ती सैल केली.

ऑगस्ट १९५३ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी स्वतंत्र माहिती संस्था स्थापिली. परदेशात, मुंबईतही, ती ‘युसिस’ (युनायटेड स्टेट्स इन्फर्मेशन सर्व्हिस) म्हणून ओळखली जाई. शिष्यवृत्त्यांना प्रचाराचा वास लागू नये, हा सिनेटर फुलब्राइट यांचा आग्रह. त्यामुळे त्या परराष्ट्र खात्याकडेच राहिल्या. वकिलातींत मात्र दोन्ही कामे युसिसचेच अधिकारी पाहत. हे द्वैत अध्यक्ष कार्टर यांच्या काळात, १९७८ मध्ये दोन्ही कामे एकत्र आणून संपले. जाझ वादकांचे दौरेही परराष्ट्र खात्याचेच: १९५८ च्या दौऱ्यात डेव्ह ब्रुबेक मुंबईत आले असता सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत त्यांनी वादन केले.

नभोवाणीचा प्रश्न अधिक बिकट. बातमी अचूक व वस्तुनिष्ठ असावी, ही ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ची सनद १९७६ मध्ये कायद्यात आली, तरी वेतन देणारे सरकारच होते. १ ऑक्टोबर १९९९ रोजी माहिती संस्था परराष्ट्र खात्यात विलीन झाली. प्रसारण वेगळ्या मंडळाकडे गेले. मार्च २०२५ मध्ये अध्यक्षीय आदेशाने प्रसारण यंत्रणेत मोठी कपात सुरू झाली व वाद न्यायालयात गेला.