धुळ्यातील हस्तलिखित व दप्तर संग्रह

खानदेशातील जुन्या कागदपत्रांचा मोठा ठेवा धुळे शहरात दोन संस्थांनी जपला आहे : इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आणि श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर.

राजवाड्यांनी (1863–1926) गावोगाव हिंडून घरोघरची दप्तरे मिळवली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड त्या पायपिटीतून उभे राहिले. 1750 ते 1761 या काळातील पत्रांचा पहिला खंड 1898 मध्ये निघाला. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले. त्यांचे कागद आणि टिपणे विखुरली जाऊ नयेत म्हणून पुढच्याच वर्षी येथे संस्था उभी राहिली. ‘संशोधक’ हे त्रैमासिक तिचेच.

वाग्देवता मंदिरामागे शंकर श्रीकृष्ण देव यांचे आयुष्यभराचे कष्ट आहेत. 1893 मध्ये त्यांनी सत्कार्योत्तेजक सभा स्थापली आणि मठामठांतून रामदासी बाडे, म्हणजे हस्तलिखित वह्या, गोळा केली. समर्थांच्या हातची मानली जाणारी वाल्मीकि रामायणाची प्रत या मंदिरातील सर्वांत मौल्यवान वस्तू होय.

अशा संग्रहांतले दप्तर रुमालात बांधलेले असते. गाठ सोडली की सनदा, हिशेब, वाटणीपत्रे, महजर हाती येतात. यांत महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, सर्वांत बोलका. गावचा तंटा गोतापुढे, म्हणजे गावकऱ्यांच्या निवाडा करणाऱ्या सभेपुढे, आला की या कागदावर पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी पडे, बलुतेदारांचीही नावे येत. बखरींत ज्यांना जागा मिळाली नाही, अशी माणसे येथे नावानिशी भेटतात. प्रस्तुत लेखकाच्या मते संग्रहाचे खरे मोल यातच आहे. राजेरजवाड्यांची पत्रे त्यानंतर.

मात्र वाचणारा तयार हवा. या कागदांच्या मोडी लिपीत आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता लिहीत, त्यामुळे अक्षरे एकमेकांत गुंततात. ‘छ’ पुढचा आकडा मुसलमानी महिन्याची तारीख दाखवतो. जुन्या मराठी कागदांत वापरल्या जाणाऱ्या सुहूर सनात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो.

वंशावळ, वतन, इनाम यांचे पुरावे शोधणाऱ्या सामान्य कुटुंबांनाही मोडी कागदांचीच वाट धरावी लागते. 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात सरकारी दप्तरांतील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांना जिल्ह्याजिल्ह्यांतून बोलावणी गेली.