नमुन्याची माहिती नमुना घेतानाच का लिहायची?

‘सिक्वेन्सिंग झालंय, मेटाडेटाचा तक्ता तेवढा भरून देता का?’ असे फोन आम्हाला संशोधन गटांकडून वारंवार येतात. सिक्वेन्सिंग म्हणजे नमुन्यातल्या डीएनएचा क्रम वाचणं, आणि मेटाडेटा म्हणजे नमुना कुठून, कधी, कसा घेतला याची माहिती. तक्ता तपासून देणं, मानकात बसवणं, डेटाबँकेत (असा डेटा साठवणाऱ्या सार्वजनिक संग्रहात) जमा करणं ही आमचीच कामं. रिकाम्या रकान्यांत अंदाज मात्र आम्ही भरत नाही.

१६एस (जिवाणू ओळखण्यासाठी एकाच जनुकाचं वाचन) असो वा शॉटगन (नमुन्यातल्या सगळ्या डीएनएचं वाचन), डीएनए शिल्लक असेल तर सिक्वेन्सिंग पुन्हा होतं. माती किती खोलीवरून घेतली, नमुना किती वेळ बर्फात होता, डीएनए कोणत्या किटने काढला, हे सहा महिन्यांनी कोण सांगणार? जाड भित्तिकेच्या पेशी सगळ्या किटने सारख्या फुटत नाहीत. किटची नोंद नसेल, तर दिसणारा फरक मातीतला की किटचा, हे तुमचा डेटा पुन्हा वापरणाऱ्याला ठरवता येत नाही. आमचा, आणि तुमचाही, सगळ्यात जास्त वेळ जातो तो या जुन्या नोंदी शोधण्यात.

जीनोमिक स्टँडर्ड्स कन्सॉर्शियम हा अशा डेटाची मानकं ठरवणारा गट २००५ मध्ये सुरू झाला. त्याचं ‘मिक्स’ (MIxS) हे मानक २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. किमान काय लिहायचं, ते त्यात ठरलेलं आहे. अडतं ते पर्यावरणाच्या तीन रकान्यांपाशी. तिन्हींत ‘तलाव’ असं लिहिलेले तक्ते आमच्याकडे येतात. पहिल्यात व्यापक परिसंस्था हवी (गोड्या पाण्याचा तलाव), दुसऱ्यात नेमका परिसर (काठालगतचा उथळ भाग) आणि तिसऱ्यात नमुना ज्यातून उचलला तो पदार्थ (गाळ). शब्दही मनाचे नकोत, ‘एन्व्हो’ (ENVO) या पर्यावरणविषयक प्रमाणित शब्दसंग्रहातलेच घ्या.

तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा. ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल, हे कुणालाच कळत नाही. नमुन्याला ‘३-४’ असं नाव दिलंत तर एक्सेल त्याचीही तारीख करतं, म्हणून तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा. माहिती नसेल तिथे शून्य नको. अक्षांश-रेखांश शून्य लिहिले की तुमची शेतातली माती गिनीच्या आखातात जाऊन पडते! ‘गोळा केली नाही’, ‘लागू नाही’ यांसाठी डेटाबँकांनी शब्द ठरवून दिले आहेत, ते वापरा.

म्हणूनच या नोंदींचं आमचं प्रशिक्षण आम्ही नमुने गोळा करण्याआधी ठेवतो. ‘आधी डेटा येऊ द्या, मग शिकू’ असं काही गट म्हणतात. ते आम्ही मानत नाही. तुमच्याच प्रकल्पाचा तक्ता आम्ही सोबत बसून तयार करतो आणि दोन-तीन नमुन्यांच्या नोंदी तुमच्या विद्यार्थ्यांकडून भरून घेतो. येताना नमुन्यांची यादी आणि प्रयोगाची कार्यपद्धती आणा. कोऱ्या नियंत्रण नमुन्यांनाही (बाहेरचा डीएनए मिसळला का हे तपासण्यासाठी माती-पाण्याशिवाय तीच प्रक्रिया केलेल्या नमुन्यांनाही) त्या यादीत स्वतंत्र ओळ द्या.