कम्युनिटी कॉलेज पदवीधरांची विषयनिहाय कमाई

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजात बारावीनंतर साधारण ६० श्रेयांक (क्रेडिट) पुरे केले की ‘असोसिएट’ पदवी मिळते. कागदावर हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. २०२३ मध्ये ही पदवी असलेल्या, पंचविशी ओलांडलेल्या पूर्णवेळ नोकरदारांच्या आठवडी पगाराचा मध्यक १,०५८ डॉलर होता. बारावीवर थांबलेल्यांचा ८९९, तर चार वर्षांची पदवी घेतलेल्यांचा १,४९३. पण हे आकडे सगळ्या विषयांची खिचडी आहेत. खरा फरक विषयात आहे.

सर्वांत वर आरोग्यसेवा. मे २०२३ च्या सरकारी आकडेवारीनुसार डेंटल हायजिनिस्टचा (दंतवैद्याकडे दात साफ करणारे तंत्रज्ञ) वार्षिक मध्यक ८७,५३० डॉलर, नोंदणीकृत नर्सचा ८६,०७०. दोन्हीकडे राज्याचा परवाना लागतो आणि प्रात्यक्षिकाच्या जागा मोजक्या, म्हणून माणसे कमी पडतात. शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय प्रवेशाआधीच उरकावे लागत असल्याने ‘दोन वर्षे’ सहज तीन होतात. बालवाडी शिक्षकांचा मध्यक मात्र ३७,१३० डॉलर. तिथला पगार बराचसा पालकांच्या फीमधून निघतो आणि फीला मर्यादा असते.

हे आकडे व्यवसायाचे आहेत, पदवीचे नव्हेत, हे वाचताना हमखास विसरले जाते. नर्सच्या आकड्यात चार वर्षांची पदवी घेतलेल्याही येतात. शिवाय वार्षिक पगार काढताना बहुतेक व्यवसायांत ताशी दराला २,०८० तासांनी (५२ आठवडे, दर आठवड्याला ४० तास) गुणतात. हायजिनिस्टचा तेव्हाचा दर ताशी ४२.०८ डॉलर, पण या पेशात अर्धवेळ काम करणारे पुष्कळ. आठवड्याला २४ तास भरणारीच्या हाती वर्षाला साडेबावन्न हजारांच्या आसपासच येतात.

विशिष्ट कॉलेजातील विशिष्ट विषयाची कमाई पाहायची तर शिक्षण खात्याचे ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ हे संकेतस्थळ उघडावे. त्यात कमाई करविभागाच्या नोंदींवरून येते, मात्र केंद्राची शैक्षणिक मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांपुरतीच. तुकडी फार लहान असेल तर आकडा झाकलेला असतो. ते शून्य समजू नये.

सर्वांत फसवा रकाना ‘लिबरल आर्ट्‌स’चा. भाषा, इतिहास, समाजशास्त्र असे सामान्य विषय असलेली ही पदवी मुळात चार वर्षांच्या विद्यापीठात दाखल होण्याची पायरी आहे. मोजणीच्या वर्षी जे पुढे शिकत असतात ते हिशेबातून वगळले जातात. उरतात ते शिक्षण थांबवून नोकरी धरलेले, आणि रकान्यात दिसते ती त्यांचीच कमाई.