चलाची व्याप्ती
आज्ञावलीच्या मजकुरातील ज्या भागात एखाद्या चलाचे (मूल्य साठवणाऱ्या जागेचे) नाव ओळखले जाते, तो भाग म्हणजे त्या चलाची व्याप्ती. बोलताना ‘व्हेरिएबलचा स्कोप’ असेच म्हटले जाते. मोबाईल ॲप लिहू लागलेल्याला ही कल्पना बहुधा वापरकर्त्याने भरलेला मजकूर वाचताना प्रथम अडते. म्हणून दोन्हींचा विचार येथे एकत्र केला आहे.

कल्पनेचा आरंभ कोठे धरावा याविषयी एकमत नाही. अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात मांडलेल्या लॅम्डा कलन या गणिती पद्धतीत बद्ध (सूत्रातच बांधलेला) आणि मुक्त (बाहेरून अर्थ घेणारा) चल असा भेद आहे, त्यामुळे काहीजण तेथून सुरुवात करतात. तर्कशास्त्रात तो भेद त्याहूनही जुना आहे. मात्र खंडात (एकत्र बांधलेल्या आज्ञांच्या गटात) घोषित केलेले नाव त्या खंडापुरतेच राहील, हा नियम अल्गॉल ६० या भाषेच्या १९६० मधील अहवालात स्पष्ट रूपात येतो. आजच्या भाषांशी त्याचे नाते अधिक थेट असल्याने तोच आरंभ मानणे सयुक्तिक ठरेल. त्याच सुमारास आकारास आलेल्या लिस्प भाषेत मुक्त नावाचा अर्थ फंक्शन (नाव देऊन बोलावता येणारा आज्ञांचा गट) कोठे लिहिले यावर नव्हे, तर ते कोठून बोलावले यावर ठरत असे. तिच्यातून निघालेल्या स्कीमने १९७५ मध्ये लिखित व्याप्ती, म्हणजे फंक्शन जेथे लिहिले त्यावरून अर्थ ठरवण्याची रीत, स्वीकारली. जावा, कोटलिन व स्विफ्ट या भाषा याच परंपरेतल्या आहेत. जावास्क्रिप्टमध्ये ‘व्हार’ने घोषित केलेला चल फंक्शनभर पसरतो, खंडापुरते राहणारे ‘लेट’ व ‘कॉन्स्ट’ २०१५ च्या मानकात आले.

ॲपमधील आज्ञा वरून खाली एका दमात चालत नाहीत. स्क्रीन तयार होताना एक फंक्शन चालते, बटण दाबल्यावर दुसरे. अँड्रॉइडवर स्क्रीन तयार होताना चालणाऱ्या ‘ऑनक्रिएट’मध्येच मजकुराची चौकट वाचली तर सहसा रिकामी स्ट्रिंग (रिकामा मजकूर) मिळते, कारण तोवर कोणी काही लिहिलेलेच नसते. वाचण्याची आज्ञा बटणाच्या क्लिकमध्ये हलवली की मजकूर हाती येतो; पण तेथे घोषित केलेला चल महिरपी कंसाबाहेर ओळखला जात नाही आणि प्रत्येक क्लिकला नव्याने तयार होतो. एकूण क्लिक मोजायचे असतील तर मोजणीचा चल क्लासच्या पातळीवर, म्हणजे त्यातील फंक्शनांच्या बाहेर, घ्यावा लागतो. ठोकळे जोडून ॲप बनवण्याच्या ॲप इन्व्हेंटरमध्ये स्थानिक आणि सर्वत्र ओळखल्या जाणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या चलांचे ठोकळेच वेगळे आहेत.

व्याप्ती (नाव कोठे ओळखले जाते) आणि आयुर्मान (मूल्य किती काळ टिकते) एक नव्हे, हे शिकवताना आधीच सांगायला हवे. अँड्रॉइडवर फोन आडवा केला की, वेगळी सोय केली नसल्यास, ॲक्टिव्हिटी (ॲपमधील स्क्रीन) नष्ट होऊन पुन्हा घडते. आयडी दिलेल्या चौकटीतला मजकूर टिकतो, पण क्लासमधली मोजणी पुन्हा शून्यावर येते. ती टिकवण्यासाठी स्क्रीन पुन्हा घडली तरी शिल्लक राहणारे व्ह्यूमॉडेल वापरतात.

चौकटीतून येतो तो नेहमी मजकूर, संख्या नव्हे. कोटलिनमधील मजकुराची संख्या करणाऱ्या ‘टूइंट’ला अक्षरे मिळाली तर अपवाद (चालताना येणारी चूक) उद्भवतो आणि तो हाताळला नसेल तर ॲप बंद पडते, ‘टूइंटऑरनल’ अशा वेळी ‘नल’ (मूल्य नाही अशी खूण) देते. देवनागरीत लिहिलेले ‘१२’ जावाचे ‘पार्सइंट’ बारा म्हणून स्वीकारते. स्विफ्टचे ‘इंट’ मात्र ‘निल’ (‘नल’सारखीच खूण) परत करते.