आधी पोलीस, मग समुपदेशक : संकटातल्या मुलांच्या मानसोपचाराची पार्श्वभूमी

मुंबईत डोंगरीला उमरखाडीचं जे बालगृह आहे, ती जागा मुळात तुरुंगाची. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते, हे आपण शाळेत शिकतो. त्याच जागेत पुढे घरातून पळालेली, स्टेशनावर सापडलेली, चोरीत पकडलेली, आईबाप गमावलेली मुलं ठेवली जाऊ लागली. ‘रिमांड होममध्ये टाकीन’ ही धमकी मराठी घरांत किती पिढ्या दिली गेली असेल! संकटातल्या मुलाकडे आपल्या व्यवस्थेत पहिल्यांदा लक्ष गेलं ते पोलिसाचं, मग न्यायाधीशाचं. त्याच्या मनाची विचारपूस करणारं माणूस त्यांच्या मागून, फार उशिरा आलं. आजच्या सेवांमधल्या बऱ्याच उणिवांचं मूळ या क्रमात आहे, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात कंपनी सरकारच्या काळातली. १८५० च्या ॲप्रेंटिस कायद्याने १० ते १८ वयाच्या अनाथ आणि गरीब मुलांना एखाद्या धंद्यात उमेदवार म्हणून बांधून देता येऊ लागलं. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. माहीमला ती संस्था आजही आहे. मग १८७६ आणि १८९७ चे सुधारशाळांचे कायदे. या सगळ्यांत एकच विचार दिसतो : रिकाम्या हातांना काम द्या, शिस्त लावा, म्हणजे पोर सुधारेल. ते घर सोडून का आलं, हा प्रश्न कुठल्याही कलमात नाही.

१९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांना प्रौढ कैद्यांपासून वेगळं वागवा, असं सांगितलं आणि त्यानंतर मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) आणि मुंबई (१९२४) या प्रांतांत बालक कायदे झाले. मुंबईत अंमलबजावणीसाठी १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली. या कायद्यांची एक गोष्ट महत्त्वाची. गुन्हा केलेल्या मुलांबरोबरच निराधार, भीक मागणारी, ज्यांचे आईबाप दारूडे किंवा गुन्हेगार आहेत अशी मुलंही त्यांच्या कक्षेत आली. म्हणजे घर बिघडलं तर मूल धोक्यात येतं, हे कायद्याला कळलं होतं. उपाय मात्र मुलाला घरातून उचलण्याचा होता. घरावर इलाज करण्याची सोयच त्यात नव्हती.

तो विचार आला शिकागोहून. तिथे १८९९ मध्ये मुलांसाठी वेगळं न्यायालय सुरू झालं. हल हाऊस या वस्तीकेंद्रातल्या जेन ॲडम्स, ज्युलिया लॅथ्रॉप अशा स्त्रियांचा त्यामागे मोठा हात होता. काही वर्षांतच लक्षात आलं की तीच ती मुलं न्यायाधीशासमोर पुन्हापुन्हा उभी राहतात. म्हणून १९०९ मध्ये विल्यम हीली या डॉक्टरांच्या हाताखाली एक संस्था काढली गेली. एकेका मुलाची नीट तपासणी करायची आणि ते असं का वागतं ते शोधायचं, एवढंच तिचं काम. त्यातून पुढे अमेरिकेत बालमार्गदर्शन केंद्रांची चळवळ झाली आणि कामाची एक रीत ठरली : मनोविकारतज्ज्ञ मुलाला तपासणार, मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेणार आणि सामाजिक कार्यकर्ती मुलाच्या घरी जाणार. मग तिघांनी एकत्र बसून ठरवायचं. या तिघांत तिसरीचं काम सगळ्यात जास्त मोलाचं आहे, असं मी मानतो. अंथरुण ओलं करणारा, अडखळत बोलणारा, शाळा बुडवून भटकणारा मुलगा दवाखान्यात खालमानेने बसतो. बाप रात्रपाळीहून येऊन काय करतो, आई कुणाला घाबरते, एका खोलीत किती जण झोपतात, हे घरी गेल्याशिवाय कळत नाही.

ही रीत मुंबईत आली त्याला एक मराठी धागा आहे. शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट अमेरिकन मराठी मिशनचं काम करायला मुंबईत आले. नगर-सोलापूरकडच्या वाचकांना हे मिशन शाळा-दवाखान्यांमुळे ठाऊक असेल. मॅनशार्टांनी नागपाड्याला, कामाठीपुऱ्याच्या शेजारी, वस्तीकेंद्र चालवलं. तिथेच १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने समाजकार्य शिकवणारं देशातलं पहिलं विद्यालय सुरू झालं आणि मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक झाले. १९४४ पासून ते टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे टिस, या नावाने ओळखलं जातं. विद्यालय सुरू झाल्याच्या पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, त्याने बालमार्गदर्शन केंद्र काढलं. भारतातलं हे असं पहिलं केंद्र. पुढे त्याचं नाव ‘मुस्कान’ झालं.

तारखा पाहा. मुलांसाठी कायदा १९२४ चा, मुलांच्या मनासाठी पहिलं केंद्र १९३७ चं. कायदा प्रांताचा, केंद्र एका शहरात एक. हे प्रमाण पुढे कधी सुधारलंच नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबईचा बालक कायदा १९४८ मध्ये नव्याने झाला, बालगृहं वाढली. मानसिक आरोग्याचा कारभार मात्र १९९३ पर्यंत १९१२ च्या ‘ल्युनसी’ म्हणजे वेडेपणाच्या कायद्याखालीच चालला. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार मनोरुग्णालयांची घडणच प्रौढांना कोंडून ठेवण्यासाठी झालेली, त्यात मुलासाठी जागा कुठली असणार? १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ मध्ये त्याचा जिल्हा कार्यक्रम सुरू झाला तो देशातल्या अवघ्या चार जिल्ह्यांत. त्याचाही भर प्रौढांच्या तीव्र आजारांवर आणि औषधांवर राहिला.

खरी हालचाल १९८० च्या दशकात झाली आणि ती बहुतेक सरकारबाहेरच्या माणसांनी केली. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे देशभरच्या तुरुंगांत डांबलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८६ च्या निकालात न्यायालयाने राज्याराज्यांच्या वेगवेगळ्या कायद्यांऐवजी संसदेने एकच कायदा करावा असं सुचवलं आणि त्याच वर्षी बाल न्याय कायदा झाला. त्याआधी १९८४ मध्ये टिसने मुंबई पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आलेली बाई आणि तिच्या पदराला धरून उभं असलेलं मूल यांच्याशी बोलायला पोलिसांच्याच इमारतीत प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसू लागली.

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची त्याला मदत होती. व्यसन एकट्या माणसाचं नसतं, सगळं घर त्यात आजारी पडतं, हे महाराष्ट्राला मुक्तांगणने शिकवलं. व्यसनी माणसांच्या बायकांसाठी तिथे ‘सहचरी’ गट चालतो. दारूड्या बापाच्या घरात वाढणाऱ्या मुलासाठी त्याची आई सावरणं हाच पहिला उपचार असतो. १९२४ च्या कायद्याने अशा मुलाला घरातून हलवलं असतं. इथे घरालाच उभं केलं गेलं.

कामाठीपुऱ्यात ‘प्रेरणा’ या संस्थेने १९८८ मध्ये जे केलं ते तर मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत शहाणं पाऊल वाटतं. वेश्यावस्तीतल्या बायकांची मुलं रात्री गिऱ्हाईक आलं की खोलीबाहेर, रस्त्यावर असायची. संस्थेने रात्रीचं पाळणाघर काढलं. जेवण, झोप, अभ्यास आणि सुरक्षितता तिथे मिळू लागली, आणि मूल आईपासून तुटलं नाही. मॅनशार्टांच्या नागपाड्याच्या वस्तीकेंद्रापासून हे ठिकाण चालत जाण्याइतकं जवळ आहे.

१९९२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेवर मान्यतेची मोहर उमटवली. १९९६ मध्ये टिसचाच प्रकल्प म्हणून जेरू बिलिमोरिया यांनी १०९८ ही चाइल्डलाइन सुरू केली. दहा-नऊ-आठ, मुलांना पाठ व्हावा असा आकडा. मूल स्वतः फोन करतं, हे या सेवेचं वेगळेपण. या सेवेला मुके फोन खूप यायचे. पलीकडून कुणी बोलायचं नाही, आणि तरी फोन ठेवायचा नाही हे उचलणाऱ्याला शिकवलेलं असायचं. तेवढ्या शांततेतही उपचार असतो. २०२३ पासून ही सेवा स्वयंसेवी संस्थांकडून सरकारी यंत्रणेकडे गेली आणि ११२ ला जोडली गेली.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्ध कायदा करण्यात गोवा पुढे होता. मडगावच्या अनाथालयाच्या नावाखाली मुलांचं शोषण करणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली. त्या प्रकरणाने हादरलेल्या गोव्याने २००३ मध्ये स्वतःचा बालक कायदा केला आणि मुलांसाठी न्यायालय स्थापलं. २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा १३ राज्यांतला अभ्यास आला. १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या त्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सांगितला. २०१२ मध्ये पॉक्सो कायदा झाला.

पॉक्सो हवाच होता. पण त्याच्या १९ व्या कलमाने अत्याचाराची माहिती मिळताच पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक केलं, समुपदेशक आणि डॉक्टरांवरही. घरातल्याच माणसाबद्दल बोलायला आलेल्या मुलीला ‘हे आपल्या दोघींत राहील’ असं कुणी सांगू शकत नाही. बोललं की गुन्हा नोंदणार, काका किंवा बाप आत जाणार, या भीतीने आई मुलीला उपचारांनाच आणत नाही. पीडित मुलाला सोबत करणाऱ्या ‘सहायक व्यक्ती’ची तरतूद नियमांत आहे, पण तीही खटल्याच्या वाटेवरची सोबत. आधी पोलीस, मग समुपदेशक, हा शंभर वर्षांचा क्रम इथे कायद्यानेच पक्का केला.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मात्र काही गोष्टी नेमक्या केल्या. अल्पवयीनांना अगदी गरज असेल तरच दाखल करायचं, प्रौढांपासून वेगळं ठेवायचं, जवळ पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस असायलाच हवं. आई दाखल असेल तर तीन वर्षांखालचं मूल तिच्यापासून सहसा तोडायचं नाही. आई आणि मूल यांचा एकत्र विचार करणारं कलम आपल्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात यायला इतकी वर्षं लागली.

राज्य सरकारच्या दोन योजनांचा उल्लेख इथे करायला हवा. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्यांनंतर ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला (कामाठीपुऱ्यातल्या संस्थेशी याचा संबंध नाही). त्यात आशाताई घरोघरी जाऊन खचलेल्या माणसांची चौकशी करतात. दुसरी बाल संगोपन योजना. मृत्यू, आजारपण, तुरुंगवास, घटस्फोट अशा कारणांनी सांभाळ अवघड झालेल्या मुलांसाठी घरीच मदत पोचवणारी ही योजना कोविडमध्ये अनेकांचा आधार ठरली. दोन्हींची दिशा बरोबर आहे, कारण दोन्ही घरापर्यंत जातात. पण एकीत लक्ष कर्त्या माणसावर, दुसरीत पैशावर. बाप गेल्यानंतर मुकं झालेलं मूल दोन्ही योजनांच्या कागदांत बसतं आणि तरी त्याच्याशी बोलायला कुणी येईलच असं नाही.

मग येणार कोण? २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मूल बालकल्याण समितीपुढे आलं की १५ दिवसांत त्याच्या घरची सामाजिक चौकशी पूर्ण व्हावी लागते. हीच ती १९३७ ची गृहभेट, आता कायद्याने सक्तीची झालेली. ती करणारी माणसं जिल्हा बाल संरक्षण कक्षात असतात. २००९ च्या केंद्रीय योजनेने या कक्षाचा आकृतिबंध ठरवला, त्यात एका जिल्ह्याला समुपदेशक एक आणि सामाजिक कार्यकर्ते दोन. गडचिरोलीहून भामरागडला जाऊन यायलाच दिवस मोडतो, आणि तिथलं मूलही याच तिघांच्या वाट्याला येतं.