फुकट गेमला गिऱ्हाईक का मिळालं नाही

२ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइलही गेला. आमच्या जिन्यावर बसणारी पोरं दोन दिवस तोंड पाडून होती. तिसऱ्या दिवशी कुणी फ्री फायर लावला, कुणी कॉल ऑफ ड्यूटी. ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणीही मोफत घेऊन बदलू शकतो, अशा गेमचं नाव कुणाच्या तोंडून निघालं नाही. निघणार तरी कसं? मुंबईतल्या पोरांना गेमची सवय लागली तीच मुळी सायबर कॅफेत.

२००० नंतरचं गिरगाव आठवतं. वायरीने जोडलेली सहा-आठ मशिन, तासावर पैसे, आणि सगळ्यांवर काउंटर-स्ट्राइक. हेडफोनचा एकच कान चालायचा, म्हणून "अरे मागे बघ, मागे!" ही आरोळी अख्ख्या खोलीला ऐकू जायची. हा गेमही मूळचा हौशीच बरं का! १९९९ मध्ये हाफ-लाइफ या गेमवर रचलेला मॉड, म्हणजे त्यात फेरफार करून केलेला गेम. पुढच्याच वर्षी हाफ-लाइफच्या कंपनीने, व्हॉल्वने, तो आपल्याकडे घेतला.

घरी एज ऑफ एम्पायर्स. पारदर्शक पिशवीतली सीडी, वर मार्करने लिहिलेली सिरीयल की. विकाऊ गेमच असा जवळजवळ फुकट मिळत होता, तिथे "आमचा मोफत आहे" याचं कुणाला काय कौतुक? पुढे पबजी मोबाइल तर रीतसरच फुकट आला. पैसे फक्त कपड्यांचे आणि बंदुकीच्या रंगाचे. त्याआधी २०१६ मध्ये जिओने डेटा स्वस्त करून ठेवलाच होता.

दुसरीकडे आयडी सॉफ्टवेअर या कंपनीने आपल्या डूम गेमचा सोर्स कोड १९९७ मध्ये खुला केला, क्वेक ३ चा २००५ मध्ये. पण खुला झाला तो नुसता कोड. पात्रं, भिंती, नकाशे, बंदुकीचा आवाज कंपनीकडेच राहिले. थिएटर फुकट मिळालं. नट, नेपथ्य, संगीत तुमचं तुम्ही आणा. क्वेक ३ च्या कोडवर ओपनअरिना हा मोफत गेम करणाऱ्यांना हे सगळं नव्याने उभं करावं लागलं. कोडमधली चूक जगातला कुणीही अनोळखी माणूस दुरुस्त करून पाठवतो. पण दहा जणांनी सवडीने काढलेली चित्रं एका हातची वाटत नाहीत, आणि खेळणाऱ्याला आधी चित्रच दिसतं.

झिरो ए.डी. हा ओपन सोर्स गेम मात्र देखणा आहे. २००१ मध्ये एज ऑफ एम्पायर्सचा मॉड म्हणून तो योजला गेला, २००९ मध्ये त्याचा कोड खुला झाला. त्यात मौर्य आहेत, त्यांचे हत्ती आहेत. मी एका रविवारी उतरवून घेतला आणि जुन्या कॅफेतल्या मित्रांच्या ग्रुपवर लिंक टाकली. दोन अंगठे आले. तोवर पबजी भारतात बीजीएमआय या नावाने परत आला होता. मग एकाने लिहिलं, "भारी दिसतोय रे. आम्ही बीजीएमआयवर आहोत, येतोस का? एक जण कमी पडतोय."

गेलो.