जिउजित्सूतील तोल आणि शरीरभान : मुलांचे शिक्षण

जिउजित्सू ही पकडींची युद्धकला शिकणाऱ्या मुलांना डावपेचांच्या आधी किंवा त्यांच्या जोडीने स्वतःचा तोल राखण्याचे, गेलेला तोल सावरण्याचे आणि आपले हात, पाय, कंबर व डोके या क्षणी कोठे आहे हे न पाहता ओळखण्याचे जे शिक्षण दिले जाते, त्याचा या नोंदीत विचार केला आहे. यांपैकी शेवटच्या क्षमतेला येथे शरीरभान म्हटले आहे.

या शिक्षणाची मुळे जपानी युद्धकलांत आहेत. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये जुन्या जुजुत्सू परंपरांतून ज्युदोची मांडणी केली, तेव्हा प्रतिस्पर्ध्याचा तोल मोडणे म्हणजे ‘कुझुशी’ आणि सुरक्षितपणे पडणे म्हणजे ‘उकेमी’ या दोन्ही गोष्टींना त्यांनी पायाभूत स्थान दिले. त्यांच्या परंपरेतील मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले. पुढे ग्रेसी या ब्राझिलियन कुटुंबाने तेथे जी शैली (आजचे ब्राझिलियन जिउजित्सू) वाढवली, तिच्यात जमिनीवरील झुंजीला अधिक महत्त्व आले. त्यामुळे तोलाचा अर्थही विस्तारला. उभे राहून न पडणे हा त्याचा केवळ एक भाग उरला, आणि दुसऱ्याच्या अंगावर, गुडघ्यांवर किंवा उताणे असतानाही स्थिर राहणे त्यात आले.

तोल सांभाळताना मेंदू तीन ठिकाणांहून माहिती घेतो. आंतरकर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे वळणे टिपतात आणि शेजारची दोन इंद्रिये गुरुत्वाकर्षणाची दिशा व सरळ रेषेतील गती टिपतात. स्नायू, कंडरा व सांधे यांतील संवेदक अवयवांची स्थिती कळवतात. तिसरा स्रोत डोळ्यांचा. या माहितीनुसार हालचालींचा मेळ घालण्यात अनुमस्तिष्काचा (लहान मेंदूचा) मोठा वाटा असतो. लहान मुले डोळ्यांवर फार विसंबतात आणि तिन्ही स्रोतांचा मेळ घालण्याची क्षमता वयाबरोबर हळूहळू पक्व होते. जिउजित्सूचे वेगळेपण नेमके येथे दिसते. जमिनीवरच्या झुंजीत मुलाचा चेहरा अनेकदा जोडीदाराच्या छातीशी किंवा खांद्याशी टेकलेला असतो, त्याला फारसे काही दिसत नाही, आणि वजन कोणत्या बाजूला सरकते आहे हे त्याला स्पर्शावरून व दाबावरूनच ओळखावे लागते.

शिक्षणाची सुरुवात पडण्यापासून व्हावी. ज्या मुलाला पडण्याची भीती वाटते ते अंग आखडून घेते, आणि आखडलेल्या अंगाला तोल सावरता येत नाही. शिवाय लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते (जन्मवेळी लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश, तर प्रौढपणी सुमारे एक अष्टमांश), त्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य तुलनेने उंचावर असतो आणि मागे पडताना डोके आपटण्याचा धोका अधिक असतो. म्हणून हनुवटी छातीशी घेणे, पाठ गोल करणे, श्वास सोडणे आणि तळहातासह संपूर्ण हात शरीरापासून थोड्या अंतरावर गादीवर आपटणे हे आधी उताणे पडून, मग बसून, मग उकिडवे बसून आणि शेवटी उभे राहून शिकवतात. पडताना हात टेकण्याची स्वाभाविक ओढ मोडणे हा यातील सर्वांत चिवट भाग आहे, कारण ताठ हातावर पडल्याने मनगट, कोपर किंवा गळपट्टीचे हाड मोडू शकते. पुढची कोलांटी नेहमी एका खांद्यावरून तिरपी काढून घेतली जाते. मानेवर भार येऊ देत नाहीत.

यानंतर जमिनीवरच्या हालचाली येतात. जपानी भाषेत ‘एबी’ म्हणजे झिंगा. त्याच्या आकुंचनावरून नाव पडलेल्या हालचालीत मूल कुशीवर वळते, पायाने गादी रेटते आणि कंबर मागे सरकवून जागा तयार करते. पहिल्या दिवसांत बहुतेक मुले कंबरेऐवजी खांदे हलवतात, आणि कंबर हा स्वतंत्रपणे हलणारा भाग आहे याची जाणीव त्यांना याच सरावातून होते. पाठीची कमान करून वरच्याला उलथवणे आणि एक हात व एक पाय टेकून, दुसरा हात समोर ठेवून उठणे हे प्रकारही याच काळात घेतले जातात.

जोडीने करायच्या सरावांत स्वारीचा खेळ विशेष उपयुक्त ठरतो. एक मूल हातापायांवर ओणवे राहून संथपणे हलते, तर दुसरे त्याच्या पाठीवर हात न धरता केवळ गुडघे व कंबरेने टिकून राहते. पुढे वरच्याने डोळे मिटायचे. प्रशिक्षकाने येथे बोलणे कमी ठेवणे बरे: ‘पोट घट्ट कर, गुडघा वाकव’ अशा सूचनांपेक्षा ‘गादी दूर ढकल’, ‘त्याच्या अंगाला चिकटून राहा’ अशी बाहेरच्या वस्तूकडे लक्ष वळवणारी वाक्ये मुले पटकन उचलतात.

शरण जाण्याची थापही, म्हणजे हार मानल्याची खूण म्हणून जोडीदाराच्या अंगावर किंवा गादीवर मारायची थाप, शरीरभानाचाच भाग मानावी. मुलांचे सांधे लवचीक असल्याने दुखण्याच्या जाणिवेवर भिस्त ठेवता येत नाही. म्हणून दुखण्यापूर्वीच, हालचालीला जागा उरली नाही हे कळताच थाप द्यायला शिकवतात.

चार ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी पांढऱ्यानंतर करडा, पिवळा, नारिंगी आणि हिरवा असे पट्टे प्रचलित असून निळा पट्टा सोळाव्या वर्षापासून मिळतो. मात्र पट्टा तोलाचे माप नव्हे. किशोरवयात हातपाय झपाट्याने वाढतात तेव्हा अवयवांचा जुना अंदाज चुकतो आणि आधी सफाईदार असणारे मूल अचानक अडखळू लागते. अशा वेळी नवे डाव थांबवून त्याला काही आठवडे पुन्हा पडण्याच्या व कंबर सरकवण्याच्या सरावाकडे नेले जाते, आणि ही माघार शिक्षा नाही हे त्याला स्पष्टपणे सांगितले जाते.